टाकीतला ऊस, विहिरीतले पाणी

संक्रांतीला माहेरी जायचे म्हणजे रायबाग तालुक्यातल्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरमागे तासभर रखडायचे, हे आता ठरूनच गेले आहे. यंदा भाचा मोटारसायकल घेऊन फाट्यावर न्यायला आला होता. वाटेत पंपावर त्याने पेट्रोल भरले आणि गाडी सुरू करता करता कुरकुरला, "आत्या, पेट्रोलमध्ये ह्यांनी इथेनॉल घातल्यापासून गाडी लिटरला दोन-तीन किलोमीटर कमीच पळते बघ." पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून हळूहळू चालल्या होत्या. मी म्हटले, "अरे, पुढे चाललेय तेच तुझ्या टाकीत आहे." तो हसला, मीही हसले. विषय तिथेच संपला असता, तर हा लेख लिहावा लागला नसता.

रात्री जेवणे झाल्यावर अण्णाने विषय काढला. आमची पाच एकर जमीन. तीन एकरांत ऊस आहे आणि विहिरीपलीकडच्या दोन एकर काळ्या रानात वडिलांच्या वेळेपासून शाळू होतो. अण्णा म्हणाला, "तू कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतेस, मग एक सांग. तो दोन एकर शाळू मोडून ऊस घालावा म्हणतोय. साखरेचा भाव पडला तरी आता भीती नाही म्हणतात सगळे. कारखाने साखरेऐवजी पेट्रोल काढणार. शिवाय त्यानं हवा शुद्ध राहते, देशाचं परकीय चलन वाचतं. मग घालू का नको?"

वर्गात असा प्रश्न आला असता तर मी दोन्ही बाजू फळ्यावर लिहून तास संपवला असता. इथे प्रश्न विचारणारा सख्खा भाऊ होता आणि उत्तरावर दोन एकर रान अवलंबून होते. मी म्हटले, "एक रात्र दे." गेल्या वर्षीचे कॅलेंडर भिंतीवरून काढले आणि त्याच्या पाठकोऱ्या पानांवर हिशेब मांडत बसले. तोच हिशेब आज तुमच्यापुढे ठेवते आहे. हा प्रश्न एकट्या आमच्या अण्णाचा नाही. चिकोडीपासून अथणी-गोकाकपर्यंत घरोघरी तो विचारला जातो आहे, मग घरात मराठी बोलत असोत की कन्नड.

आधी चांगली बाजू सांगते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची कल्पना आपल्या भागाला नवी नाही. देशातले पहिले प्रायोगिक मिश्रण 2001 साली ज्या थोड्या ठिकाणी झाले, त्यात आपल्या शेजारचे मिरज होते. जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा ही तिन्ही राज्ये त्यात होती. त्या वेळी इथेनॉल होत असे ते मळीपासून. रसातून साखर काढून घेतल्यावर जी काळी, घट्ट मळी उरते, ती आंबवून आणि उकळवून मद्यार्क काढायचा, तो पाणीविरहित करायचा आणि पेट्रोलमध्ये घालायचा. ऊस साखरेसाठी लावलेलाच होता, मळी निघणारच होती. तिच्यासाठी एक गुंठा जमीन जास्त लागत नव्हती की एक घागर पाणी. घरात उरलेल्या भाकरीचा कुस्करा करावा तसे हे. त्याला कोण नाव ठेवील?

इथेनॉलचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. ऊस वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, आणि इथेनॉल जळताना तोच परत जातो. कारखान्याचा बॉयलर चिपाडावर चालतो, त्यामुळे कोळसाही वाचतो. नीती आयोगाच्या अभ्यासाचा हवाला देऊन केंद्र सरकारने 2025 साली सांगितले की, पेट्रोलच्या तुलनेत उसाच्या इथेनॉलमुळे हरितगृह वायू सुमारे 65 टक्के आणि मक्याच्या इथेनॉलमुळे सुमारे 50 टक्के कमी होतात. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून साखरेपेक्षा लवकर येतात, म्हणून उसाची थकबाकी कमी झाली हेही खरे. बिलासाठी वर्षभर कारखान्याचे उंबरे झिजवलेल्या शेतकऱ्याला याचे मोल कळते.

भाच्याच्या कुरकुरीचेही उत्तर इथेच देऊन टाकते. एक लिटर इथेनॉलमध्ये उष्णता असते ती एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणून वीस टक्के मिश्रणावर जुनी गाडी थोडी कमी पळणार. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या दुचाकींसाठी ही घट तीन ते चार टक्के आणि जुन्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के सांगितली आहे. खिशाला हे लागते, पण त्यासाठी कार्यक्रम वाईट ठरवता येणार नाही. खरा प्रश्न दुसराच आहे.

तो प्रश्न 2018 नंतर उभा राहिला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायला मोकळीक दिली. साखर पूर्ण न काढता मधेच बाजूला काढलेल्या मळीलाही वेगळा, चढा भाव ठरवला गेला. जून 2022 मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला. वीस टक्क्यांचे 2030 चे उद्दिष्ट अलीकडे ओढून 2025-26 वर आणले गेले आणि 2025 मध्ये ते गाठलेही गेले. आता वर्षाला सुमारे 1,000 कोटी लिटर इथेनॉल लागते. एवढे इथेनॉल नुसत्या मळीतून येणे शक्य नाही. म्हणजे उरलेल्या भाकरीचा कुस्करा संपला आणि आता कुस्करा करण्यासाठी नव्या भाकरी थापायला सुरुवात झाली. माझ्या मते साऱ्या वादाचे मूळ इथे आहे. उरलेल्या वस्तूपासून केलेले इंधन आणि मुद्दाम पिकवून केलेले इंधन पंपावर एकाच नळीतून येते, पण त्यांचा जमिनीवरचा आणि पाण्यावरचा हिशेब अगदी वेगळा असतो.

तो हिशेब आता मांडू. आमच्या रानात एकरी 40 टन ऊस निघतो असे धरू. एक टन उसाचा सगळा रस इथेनॉलकडे वळवला तर सुमारे 70 लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे एकरी 2,800 लिटर. आता पाणी. उसाला त्याच्या पूर्ण मुदतीत 1,500 ते 2,500 मिलिमीटर पाणी लागते. मधला 2,000 चा आकडा घेतला तर एका एकरात ते सुमारे 80 लाख लिटर होते. त्याला 2,800 ने भागा. एका लिटर इथेनॉलमागे जवळजवळ 2,860 लिटर पाणी! आकडा पाहून मीच चमकले आणि पुन्हा भागून पाहिले. नीती आयोगाच्या त्या 2021 च्या आराखड्यातही हाच आकडा, 2,860 लिटर, दिलेला आहे. यातले काही पाणी पावसाचे असते, हे कबूल. पण तालुक्याच्या पूर्वेकडे पाऊस किती पडतो हे तुम्हाला सांगायला नको. बाकीचे पाणी कालव्याचे, नदीचे नाहीतर बोअरचे.

भाच्याने त्या दिवशी पाच लिटर पेट्रोल घातले. त्यात एक लिटर इथेनॉल. ते थेट उसाच्या रसाचे असेल, तर 15 लिटरच्या घागरीने मोजून 190 घागरी पाणी त्यामागे खर्च झाले. शाळूला याच्या मानाने पाणी लागते सुमारे 450 ते 650 मिलिमीटर, आणि काळ्या रानातला रब्बीचा शाळू त्यातला बराच भाग परतीच्या पावसाच्या ओलीवर भागवतो. याचा अर्थ आमच्या त्या दोन एकरांत शाळूच्या जागी ऊस आला, तर आजच्या तिप्पट-चौपट पाणी लागेल, आणि ते विहिरीतून काढावे लागेल.

विहिरीत पाणी आहे का? इथे आपण सीमाभागातले लोक स्वतःचीच फसवणूक करतो. कृष्णा जवळून वाहते, घटप्रभेचा कालवा आहे, मग पाण्याला काय तोटा, असे म्हणतो. पण उन्हाळ्यात कृष्णेचे पात्र कोरडे पडले की कर्नाटकाला महाराष्ट्राकडे कोयनेचे पाणी मागावे लागते. 2019 च्या मे महिन्यात तेच झाले होते आणि अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या गावांनी पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली होती. पुढे 2023 मध्ये कर्नाटकातले 200 हून अधिक तालुके दुष्काळी जाहीर झाले. भाषेवरून, सीमेवरून आपण कितीही भांडलो, तरी मे महिन्यात रिकाम्या घागरींची रांग दोन्ही भाषांत सारखीच असते.

पाण्याखेरीज दोन गोष्टी आणखी आहेत. पाटाने भरमसाट पाणी देऊन कृष्णाकाठची कितीतरी जमीन क्षारपड झाली. पांढरे फुटलेले, मिठागरासारखे रान शिरोळकडेही दिसते आणि आपल्याकडेही. दुसरी गोष्ट कारखान्याच्या डिस्टिलरीची. एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तो गडद तपकिरी आणि उग्र वासाचा असतो. ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतो आणि मासे मरून वर येतात. कायद्याने त्याचा थेंबही बाहेर सोडता येत नाही. तो आटवून बॉयलरमध्ये जाळावा लागतो. चांगले कारखाने तसे करतात. पण नियम कागदावर असणे आणि रात्री दोन वाजता ओढ्यावर पाळला जाणे यात अंतर असते, ते ओढ्याकाठी राहणारे जाणतात. शिवाय उसाला आपण पोत्याने युरिया ओततो. त्यातून हवेत जाणारा नायट्रस ऑक्साइड वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापमान वाढवणारा आहे. म्हणून 'हिरवे इंधन' हे नाव उच्चारताना ते कोणत्या रानातून, कोणत्या पाण्यावर आणि किती खतावर आले, हे विचारले पाहिजे.

अर्थशास्त्रात आम्ही याला 'बाह्य परिणाम' म्हणतो. वस्तूच्या किमतीत न धरलेला, पण कोणीतरी तिसऱ्यानेच भरलेला खर्च. इथेनॉलच्या लिटरमागच्या भावात विहिरीच्या घटलेल्या पातळीचा एक पैसाही नसतो. तो खर्च घागर घेऊन जास्त लांब चालणारी बाई भरते.

सकाळी अण्णापुढे हा कागद ठेवला. तो शांतपणे वाचून म्हणाला, "हे सगळं खरं. पण शाळूचे पैसे किती होतात ते लिहिलं नाहीस." अगदी रास्त बोलला. एकरी 40 टन आणि टनाला 3,300 रुपये धरले तरी सव्वा लाखाच्या वर होतात. खर्च वजा केला तरी शाळू त्याच्या जवळपास येत नाही. ऊस हे खात्रीने विकले जाणारे पीक आहे, म्हणून शेतकरी ऊस लावतो. त्याला दोष देणाऱ्यांनी एकदा शाळूचे पोते घेऊन बाजारात उभे राहून बघावे.

मग मी कागदाची दुसरी बाजू उलटली. म्हटले, "अण्णा, तू इथेनॉलच्या भरवशावर ऊस वाढवणार आहेस ना? मग तो भरवसा किती पक्का आहे तेही बघ." डिसेंबर 2023 मध्ये पाऊस कमी झाला, साखर महागेल अशी भीती वाटली आणि केंद्राने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले. कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेले कारखाने तोंडात बोट घालून बसले. ऑगस्ट 2024 मध्ये ते बंधन उठले. दरम्यान सरकारचा ओढा मक्याकडे वळला होता. मक्याच्या इथेनॉलला लिटरला 71 रुपये 86 पैसे, तर उसाच्या रसाच्या इथेनॉलला 65 रुपये 61 पैसे. 2025-26 साठी तेल कंपन्यांनी जेवढे इथेनॉल घ्यायचे ठरवले, त्यात उसापासूनचा वाटा जेमतेम 28 टक्के होता. बाकी सगळे धान्याचे, आणि त्यातही मक्याचे सर्वांत जास्त.

मक्याला आपल्याकडे कन्नडमध्ये गोविन जोळ म्हणतात. त्या नावातच गाय आहे. तो मका आता गायी-कोंबड्यांच्या दावणीतून गाडीच्या टाकीत चालला आहे. एकेकाळी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाने 2024 मध्ये म्यानमार आणि युक्रेनकडून तो मागवला. परकीय चलन वाचवायला इथेनॉल, आणि त्याच्यापायी मक्यावर परकीय चलन खर्च! भाव चढलेला पाहून शेतकऱ्यांनी मका वाढवला, तर 2025 च्या नोव्हेंबरात आपल्याच राज्यात मक्याचा बाजारभाव 2,400 रुपयांच्या हमीभावाच्या पुष्कळ खाली आला आणि शेतकरी रस्त्यावर बसले. त्याच महिन्यात इकडे मुडलगी तालुक्यात गुर्लापूरला ऊसकरी टनाला 3,500 रुपये मागत रस्त्यावर होते. शेवटी तडजोड 3,300 वर झाली. त्या वेळी कर्नाटकातल्या कारखान्यांना इथेनॉलचा वाटा कमी मिळतो, अशी तक्रार राज्य सरकारने केंद्राकडे केली होती. मग पेट्रोल पिकवणाऱ्याला भावाची भीती नाही, हे कशावरून म्हणायचे?

अशी घाई आपण याआधीही केलेली आहे. 2003 साली नियोजन मंडळाच्या समितीने डिझेलमध्ये मिसळण्यासाठी मोगली एरंडाची शिफारस केली. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय वाढेल आणि 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के तेल मिसळता येईल असे सांगितले गेले. रोपे वाटली गेली. पाण्याशिवाय झाड जगले, पण बिया आल्या नाहीत. ज्यांनी चांगले रान त्याला दिले, त्यांनी पुढे ती झाडे उपटून काढली. त्याच सुमारास कर्नाटकाने दुसरी वाट धरली होती. हासनजवळ मडेनूरला कृषी विद्यापीठाच्या जैवइंधन उद्यानात होंगे, म्हणजे आपला करंज, कडुनिंब, मोह अशा इथल्याच झाडांवर भर दिला गेला. राज्याच्या 'हसिरु होन्नु' आणि 'बरडु बंगारा' या योजना त्याच विचाराच्या. ही झाडे बांधावर लावायची, रानात नाही. त्यांनी पेट्रोलची गरज भागणार नाही हे उघड आहे. पण त्यामागचे तत्त्व मला पटते. अन्नाच्या रानाला आणि प्यायच्या पाण्याला हात न लावता जेवढे इंधन मिळेल तेवढे घ्यावे. पानिपतला 2022 मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा वापरून तीन कोटी लिटर इथेनॉल काढण्याची सोय केली आहे. जो पेंढा शेतात जाळला जात होता, त्याचेच इंधन. ते महाग आहे, अवघड आहे, पण दिशा तीच हवी.

माझे हे व्याख्यान चालू असताना वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्या मुधोळकडच्या. आमच्या घरात आल्या तेव्हा मराठीचा गंध नव्हता, आता माझ्यापेक्षा ठसक्यात बोलतात. पण राग आला की कन्नडच. त्यांनी मान न वळवता अण्णाला विचारले, "कब्बिंद रोट्टी माडाक बर्तैतेन्री?" उसाची भाकरी करता येते का हो? मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वन्सं, ह्यांना सांगा, शाळूची नुसती ज्वारी नसते. दोन म्हशींचा वर्षाचा कडबा त्याच रानातून येतोय. तो विकत आणायला लागला तर दुधाचा हिशेब कोण मांडणार?"

खरेच, माझ्या कॅलेंडरवरच्या हिशेबात कडबा राहूनच गेला होता. एम. ए. होऊन वीस वर्षे शिकवणाऱ्या बाईच्या हिशेबातली चूक चुलीपाशी बसलेल्या बाईने काढली. मी निमूटपणे कागदावर एक ओळ वाढवली.

अण्णाने त्या दिवशी काही कबूल केले नाही. तो चटकन कबूल होणाऱ्यांतला नाही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. दोन एकरांत यंदा तरी शाळूच राहणार आहे. जुन्या तीन एकरांच्या खोडव्याला ठिबक बसवायचे ठरले आहे, आणि तोडणीनंतर पाचट न जाळता सरीत दाबायचे. पाटाच्या तुलनेत ठिबकने पाणी बरेच वाचते आणि जमीन फुटायची राहते. "पुढच्या वर्षी काय ते पुढच्या वर्षी बघू," असे म्हणून त्याने फोन ठेवला. मला तेवढे पुरे आहे.

वाचकहो, इथेनॉल नको असे माझे म्हणणे नाही. मळीचे, पेंढ्याचे, सडलेल्या धान्याचे इथेनॉल अवश्य व्हावे. आहे त्या उसातून शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळत असतील तर मिळावेत. पण त्यासाठी नवे रान उसाखाली घालण्याआधी आपल्या विहिरीत दोरी सोडून बघा. दोरी मे महिन्यात सोडा. संक्रांतीला सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात.